वयात येताना: कशाला घाबरायचं, कशाला नाही

सातवीच्या वर्गाचा फोटो पाहा. मागच्या रांगेत उंच मुली आणि पुढे बाकावर बसवलेले ठेंगणे मुलगे. तोच वर्ग दहावीत गेला की रांगा उलटतात. मधल्या तीन वर्षांत काय झालं ते सगळ्यांना दिसतं, पण घरात त्यावर सरळ बोललं जात नाही. बोलणं होतं ते टोमण्यांतून: "अजून मिसरूड फुटली नाही का रे?", "काय गं, किती सुटलीस!" ज्याला किंवा जिला हे ऐकावं लागतं, ते पोर रात्री आरशासमोर उभं राहून आपलं काय बिघडलंय ते शोधत बसतं.

धायरीसारख्या उपनगरात हे जास्त जाणवतं. २०१७ मध्ये धायरी पुणे महापालिकेत आली. माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून येत होती. गावठाणातली जुनी घरं, बेनकर वस्ती, फाट्याकडच्या उंच सोसायट्या, नऱ्ह्याच्या बाजूचे कारखाने आणि तिथे काम करणाऱ्यांच्या भाड्याच्या खोल्या. यांतल्या पुष्कळ घरांत आई-बाबा दोघंही सकाळी बाहेर पडतात, आज्जी साताऱ्याला किंवा लातूरला असते, आणि पूर्वी ज्या आत्याला, मामीला, थोरल्या चुलतबहिणीला मुलं हळूच विचारायची ती हाताशी नसते. मग प्रश्न मोबाइलला विचारला जातो. मोबाइल उत्तर देतो आणि त्या उत्तराखाली औषधही विकतो.

वयात येणारं मूल असलेल्या घरात भीती कमी नसते, पण ती चुकीच्या जागी असते. जे आपोआप होतं आणि बहुतेक वेळा आपोआप निवळतं, त्यासाठी लोक क्रीम, पावडर, सोनोग्राफी, कधी शस्त्रक्रियेपर्यंत जातात. ज्या थोड्या गोष्टींना खरोखर ताबडतोब डॉक्टर लागतो, त्या मात्र लाजेपोटी लपून राहतात. भीतीची ही अदलाबदल थांबावी म्हणून हा लेख.

ज्याचं त्याचं वेळापत्रक

मुलींमध्ये वयात येण्याची सुरुवात ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान केव्हाही होते. पाळी ही सुरुवात नव्हे. आधी स्तनांची वाढ सुरू होते आणि त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. मुलग्यांमध्ये ही सुरुवात ९ ते १४ वर्षांच्या दरम्यान होते आणि तिचं पहिलं लक्षण मिशी किंवा आवाज नसून वृषणांचा आकार वाढणं हे असतं. ते कोणाच्या लक्षात येत नाही. त्यामुळे "याचं अजून काहीच सुरू झालं नाही" असं ज्या मुलाबद्दल घरात बोललं जातं, त्याचं पुष्कळदा सुरू होऊन वर्ष झालेलं असतं. आवाज फुटणं, मिसरूड येणं ही बरीच पुढची पायरी.

म्हणून तेराव्या वर्षी एक मुलगा बाप्या दिसतो आणि त्याच्याच बाकावरचा दुसरा पाचवीतला वाटतो. दोघंही ठीक असतात. उशिरा सुरुवात होणं बऱ्याच घराण्यांत चालत आलेलं असतं. मुलाच्या बाबांना विचारा, अनेकदा उत्तर येतं, "माझी उंची तर बारावीनंतर वाढली." एवढ्या एका वाक्याने मुलाला जो धीर येतो तो कुठल्याही टॉनिकने येणार नाही. बाबांनी ते आपणहून सांगायला हवं.

तरीही काही सीमा लक्षात ठेवाव्यात. मुलीला आठव्या वर्षाच्या आत स्तनांची वाढ दिसू लागली, किंवा मुलग्यात नवव्या वर्षाच्या आत बदल सुरू झाले, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. लवकर वयात येणाऱ्या मुलग्यांत आत काही कारण दडलेलं असण्याची शक्यता मुलींपेक्षा जास्त असते, म्हणून तिथे "लवकर मोठा झाला" असं कौतुक करत बसू नये. मुलीची तेराव्या वर्षापर्यंत काहीच वाढ नाही, पंधरा पूर्ण झाली तरी पाळी नाही, किंवा वाढ सुरू होऊन तीन वर्षं उलटली तरी पाळी नाही, तर तपासणी हवी. मुलग्याचं चौदा पूर्ण झालं आणि कुठलाच बदल नाही, तरीही हवी. आणखी एक गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते: मुलीची इतर वाढ झाली आहे, पाळी आलेली नाही, पण दर महिन्याला ठरावीक दिवशी ओटीपोट दुखतं. अशा वेळी योनीमार्गात जन्मजात पडदा बंद असून रक्त आत साठत असू शकतं. छोट्या शस्त्रक्रियेने ते मोकळं होतं, पण आधी ते कोणाच्या तरी ध्यानात यावं लागतं.

लवकर वयात येण्याबद्दल पालकांची चिंता गेल्या काही वर्षांत वाढली आहे. २०२० च्या टाळेबंदीनंतर इटलीपासून पुण्यापर्यंतच्या डॉक्टरांनी अशा मुलींचं प्रमाण वाढल्याची नोंद केली. दोष लगेच चिकनवर, अंड्यावर, पिशवीच्या दुधावर टाकला जातो आणि ऐन वाढीच्या वयात पोरीच्या ताटातलं प्रथिन काढून घेतलं जातं. ज्याचा संबंध भक्कमपणे दिसला आहे ते आहे वाढतं वजन. तेव्हा अंडं राहू द्या. बिस्किटं, थंड पेयं, रोजची पाकिटं कमी करा आणि संध्याकाळी पोरांना खाली खेळायला सोडा. "पाळी पुढे ढकलायचं इंजेक्शन" मागणारे पालकही असतात. अगदी लहान वयात सुरुवात झालेल्या काही मुलींना ते लागतं आणि त्याचा उपयोगही होतो. पण नऊ-दहा वर्षांच्या, वेळेतच वयात येणाऱ्या मुलीला त्याने उंची मिळत नाही. पाळीचा त्रास वाचावा म्हणून ते देऊ नये.

उंचीचा बाजार

या वयातली सर्वांत महागडी भीती उंचीची. मुलींची उंची बाराव्या वर्षाच्या आसपास झपाट्याने वाढते, वर्षाला आठेक सेंटिमीटर. मुलग्यांचा हा जोर चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो आणि तेव्हा ते वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटरही वाढतात. फोटोतल्या रांगा उलटतात त्या यामुळे. "पाळी आली, आता उंची खुंटली" हे अर्धंच खरं आहे. वेग ओसरतो, पण पाळीनंतरही मुली साधारण पाच ते सात सेंटिमीटर वाढतात.

मूल किती उंच होईल याचा अंदाज घरीच काढता येतो. आई-बाबांची उंची सेंटिमीटरमध्ये मिळवा, मुलगा असेल तर तीत १३ मिळवा, मुलगी असेल तर १३ वजा करा आणि दोनने भागा. बाबा १७० आणि आई १५४ असेल तर मुलग्याचा आकडा १६८.५ येतो आणि मुलीचा १५५.५. त्याच्या वर-खाली आठ सेंटिमीटर धरा. मूल या पट्ट्यात वाढत असेल तर शेजारच्या बंगल्यातल्या सहा फुटी मुलाशी त्याची तुलना करणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

लोंबकळल्याने हाडं लांब होत नाहीत. दुधात घालायच्या पावडरीने होत नाहीत. हाडांच्या टोकांशी वाढीच्या कूर्चा असतात, त्या बंद झाल्या की उंची थांबते. डाव्या हाताच्या एक्स-रेवरून डॉक्टरांना त्या किती उघड्या आहेत ते कळतं. लोंबकळणं हा व्यायाम म्हणून चांगला आहे, पोराला आवडत असेल तर जरूर करू द्या. व्यायामाने किंवा वजनं उचलल्याने उंची खुंटते हीसुद्धा भीती खरी नाही, योग्य शिकवणारा समोर असेल तर. उंची खुंटवणारी गोष्ट वेगळीच आहे आणि ती काही जिममध्ये "बूस्टर" म्हणून मिळते. अशा इंजेक्शनांत आणि गोळ्यांत पुरुषी संप्रेरकं किंवा त्यांचे भाऊबंद असले तर वाढीच्या कूर्चा लवकर बंद होतात आणि वृषणं आक्रसतात. मोठं दिसायला निघालेला मुलगा कायमचा ठेंगणा राहू शकतो. सोळा वर्षांच्या मुलाच्या बॅगेत लेबल नसलेली बाटली दिसली तर आरडाओरडा करू नका. बाटली घ्या आणि दोघं मिळून डॉक्टरांकडे जा.

खरं लक्ष ठेवायचं ते वेगावर. दर सहा महिन्यांनी, सकाळी, अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून उंची मोजा. भाड्याच्या घरात भिंतीवर खुणा करता येत नसतील तर वहीत तारखेसह लिहा. डॉक्टरांकडे भारतीय मुलांचे वाढ-आलेख असतात. बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने, ५ ते १८ वयासाठी ते २०१५ मध्ये सुधारून प्रसिद्ध केले आणि त्या कामात पुढे होते ते पुण्याचेच डॉ. वामन खाडिलकर. तुमच्या वहीतले आकडे त्या आलेखावर मांडले की दहा मिनिटांत कळतं, मूल आपल्या रेषेवर आहे की घसरतंय. वर्षाला चार सेंटिमीटरही न वाढणारं मूल दाखवायलाच हवं. थायरॉइडसारखी साधी, उपचार असलेली कारणं तिथे सापडतात.

छातीतली गाठ

दहा वर्षांची मुलगी अंघोळीनंतर आईला सांगते, एका बाजूला गाठ आहे आणि दुखते. आईच्या पोटात धस्स होतं, कारण कॅन्सरच्या जाहिरातींनी आपल्याला एवढं एकच शिकवलंय. स्तनाची वाढ अशीच सुरू होते: स्तनाग्राच्या अगदी खाली, सुपारीएवढी, घट्ट, दाबली की दुखणारी, आणि पुष्कळदा आधी एकाच बाजूला. दुसरी बाजू सहा महिन्यांनीही सुरू होऊ शकते. ती गाठ म्हणजेच उद्याचा स्तन. म्हणून ती कापून तपासायला देऊ नये, सुई घालू नये, चोळू नये. ते केलं तर त्या बाजूची वाढ कायमची अडू शकते. असा सल्ला कोणी दिलाच तर आधी बालरोगतज्ज्ञांचं मत घ्या. पुढेही दोन बाजूंत थोडा फरक राहतो, बहुतेक सगळ्या बायकांमध्ये असतो. तेल आणि क्रीमने त्यात काही फरक पडत नाही.

हीच गाठ मुलग्यांनाही येते. हे वाचून अनेक वडील थबकतील. वयात येणाऱ्या मुलग्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना तेरा-चौदाच्या सुमारास स्तनाग्राखाली घट्ट चकती लागते. संप्रेरकांचा तोल सावरेपर्यंत ती राहते आणि बहुतेकांत सहा महिने ते दोन वर्षांत जिरते. पण तोवर पोरगा पोहायला जायचं बंद करतो, उन्हाळ्यातही जॅकेट घालतो, खेळाच्या तासाला पोट दुखल्याचं सांगतो. त्याला कोणीतरी सांगायला हवं की यात बायकीपणा काही नाही, वर्गातल्या निम्म्या मुलांना हे आहे आणि तेही जॅकेट घालून लपवतायत. गाठ वयात येण्याच्या आधीच आली, कडक आणि एकाच बाजूला आहे, त्यातून पाणी येतं, किंवा दोन वर्षांनंतरही तशीच आहे, तर तपासा.

पाळी

पाळी यायच्या सहा महिने-वर्षभर आधी मुलीला पांढरट किंवा पारदर्शक स्राव जाऊ लागतो. "अंगावरून पांढरं जातंय, अशक्तपणा येणार" म्हणून घराघरांत काढे सुरू होतात. हा स्राव म्हणजे पाळी जवळ आल्याची खूण आहे. त्याने ताकद जात नाही. वास येत असेल, खाज असेल, रंग हिरवट किंवा पिवळा असेल तरच औषध लागतं. ही खूण दिसली की मुलीला पाळीबद्दल सांगायची वेळ झाली असं समजा. दप्तरात एक पॅड आणि एक चड्डी ठेवायला द्या. आई नसेल किंवा लांब असेल तर बाबांनी सांगावं. मुलींना हे बाबांकडून ऐकणं जड जात नाही, बाबांची चुळबुळ बघणं जड जातं.

पहिली दोन-तीन वर्षं पाळी अनियमित असते. २१ ते ४५ दिवसांत केव्हाही आली तरी चालतं. एक महिना चुकला म्हणून धावू नका. तीन महिन्यांचं अंतर पडायला लागलं तर दाखवा.

इथे एका शब्दाची मला फार काळजी वाटते: पीसीओडी. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीची पाळी मागेपुढे झाली, सोनोग्राफी केली, अंडाशयात बारीक बारीक पोकळ्या दिसल्या आणि तिच्या कपाळी हा शिक्का बसला. त्या वयात अंडाशय तसंच दिसतं. म्हणूनच आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की पहिल्या पाळीनंतर आठ वर्षांपर्यंत सोनोग्राफीच्या जोरावर हे निदान करू नये. पाळीचं बिघडलेलं चक्र आणि पुरुषी संप्रेरकं वाढल्याच्या खुणा, म्हणजे हनुवटीवर राठ केस, हट्टी मुरुमं, या दोन्ही असल्या तरच विचार करायचा. शिक्का बसलेली मुलगी पुढची दहा वर्षं "मला मूल होणार नाही" ही भीती मनात घेऊन जगते. घरी सोनोग्राफीचा कागद असेल तर तो घेऊन पुन्हा एकदा नीट विचारा.

रक्तस्रावाबाबत उलटं होतं. तिथे घाबरायला हवं, तर "सुरुवातीला जातंच जास्त" म्हणून आम्ही सोडून देतो. तासा-दोन तासाला पॅड भिजतंय, सात दिवसांच्या पुढे चाललंय, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडतायत, उठलं की चक्कर येते, तर त्याच दिवशी डॉक्टर. पहिल्याच पाळ्यांत इतकं रक्त जाणाऱ्या काही मुलींना रक्त गोठण्याचा जन्मजात दोष असतो आणि तो या निमित्ताने प्रथमच कळतो. दुखण्याचंही तेच. पोटात पहिल्या दिवशी कळा येणं समजू शकतं. दर महिन्याला शाळा बुडत असेल तर ते सोसायचं नसतं. डॉक्टरांनी सांगितलेली वेदनाशामक गोळी जेवणानंतर, दुखणं चढायच्या आधी घेतली तर उत्तम काम करते आणि तिने पुढे मूल होण्यात काही अडथळा येत नाही. गरम पाण्याची पिशवी आहेच. अंघोळ, केस धुणं, खेळणं, लोणच्याला हात लावणं, यांतलं काहीही वर्ज्य नाही.

रक्तक्षयाचं मात्र सांगायला हवं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के आणि मुलग्यांपैकी ३१ टक्के रक्तक्षयाने ग्रासलेले आढळले. दहावीचा ताण म्हणून आपण ज्याला थकवा म्हणतो त्यातला कितीतरी थकवा हा असतो. बिटाने रक्त वाढत नाही, रंग लाल असला तरी त्यात लोह फारच थोडं असतं. अळीव, हरभऱ्याचा पाला, राजगिरा, कडधान्यं, आणि खात असाल तर मटण-मासे हे खरे उपयोगी. वरून लिंबू पिळा आणि जेवणाच्या आसपास तासभर चहा टाळा, कारण चहा लोह अडवतो. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुलं बाकाखाली टाकतात, कारण शौचाला काळं होतं आणि कोणी सांगितलेलं नसतं की काळं व्हायचंच. जेवल्यावर घेतली की मळमळही कमी होते. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्यावं.

वापरलेलं पॅड कागदात गुंडाळा आणि त्यावर लाल ठिपका काढा. 'स्वच्छ' या पुण्यातल्या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने हे आवाहन केलं ते आपला कचरा हातांनी वेगळा करणाऱ्या बायांसाठी. मुलीला पहिल्या पाळीपासून ही सवय लावता येते. याच वयातली दुसरी गोष्ट म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस. ९ ते १४ वयात दोन डोस पुरतात. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हावॅक' २०२३ पासून उपलब्ध आहे. पाळीवर किंवा पुढच्या मातृत्वावर तिचा वाईट परिणाम होत नाही.

मुलगे गप्प बसतात तेव्हा

र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये जाईपर्यंत चालवलं. त्यात वाचक प्रश्न विचारत आणि कर्वे सरळ उत्तरं देत. त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. तरी दंड झालाच. त्या खटल्यातला एक विषय हस्तमैथुनाबद्दलचा होता. नव्वद वर्षं उलटली, आणि तोच प्रश्न आजही मुलगा फक्त भिंतीवरच्या "गुप्तरोग" जाहिरातीला विचारू शकतो.

तेव्हा इथे स्पष्ट लिहितो. झोपेत वीर्य जाणं याला "स्वप्नदोष" म्हणतात, पण त्यात दोष काही नाही. वयात आलेल्या मुलाच्या शरीराचा तो नेहमीचा व्यवहार आहे. हस्तमैथुनाने अशक्तपणा, मुरुमं, डोळ्यांखालची वर्तुळं, वाकडेपणा, पुढे मूल न होणं, यांतलं काहीही होत नाही. रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो हे खोटं आहे. वीर्य रक्तातून आटवलं जात नाही, ते रोज नव्याने तयार होत असतं. लघवी कधी पांढरट दिसते ती बहुधा क्षारांमुळे, "धातू" जात नसतो. या भीतीने खरोखर थकवा, छातीत धडधड, उदासी येते, आणि आपल्या भागात ती इतकी आढळते की डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये तिला 'धात सिंड्रोम' असं नावच दिलं. म्हणजे वीर्य गेल्याने नव्हे, ते गेल्याच्या धास्तीने मुलगा आजारी पडतो. हजारोंचे कोर्स विकणारे या धास्तीवर जगतात. अवयवाच्या आकाराची चिंताही अशीच: वाढ सतरा-अठरापर्यंत चालते, माणसामाणसांत फरक असतो, आणि मोबाइलवर जे दिसतं ते मोजमाप नव्हे.

आता जे सांगतोय ते मुलग्यांनी आणि त्यांच्या आयांनी पाठ करावं. एका बाजूच्या वृषणात अचानक तीव्र दुखायला लागलं, उलटी झाली, ओटीपोटात कळ आली, तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. रक्तपुरवठा तुटतो. सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वृषण बहुतेक वेळा वाचतं. चोवीस तास गेले तर क्वचितच. बारा ते अठरा हे याचं मुख्य वय, आणि याच वयातला मुलगा आईला "पोट दुखतंय" एवढंच सांगून पांघरूण ओढून झोपतो. रात्री अकरा वाजता दुखायला लागलं तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा रिक्षा करून चोवीस तास शस्त्रक्रिया होणाऱ्या रुग्णालयात जा; नऱ्ह्याचं काशीबाई नवले वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय धायरीपासून जवळ आहे. संध्याकाळ असेल तर सिंहगड रस्त्यावरची कोंडी सहा तासांच्या हिशेबात धरा. आणि मुलग्याला आजच, काही दुखत नसताना, सांगून ठेवा: "तिथे दुखलं तर मला उठव, मी काही विचारणार नाही, आपण फक्त निघायचं."

तसंच, पुढची कातडी जोर लावून मागे ओढायची नसते; ती हळूहळू सुटते. मागे जाऊन अडकली आणि सूज आली तर तेही तातडीचंच.

कातडीवर दिसणारं

मुरुमं पोटातल्या उष्णतेने किंवा वाईट सवयींनी येत नाहीत. संप्रेरकांमुळे तेल वाढतं, छिद्रं बुजतात. सौम्य साबण दोनदा, फोडायचं नाही, आणि डाग राहत असतील तर त्वचारोगतज्ज्ञ. मेडिकलमधून मैत्रिणीने सांगितलेली गोरं करणारी ट्यूब आणू नका. तशा अनेक ट्यूबांत स्टेरॉइड असतं; आठवडाभर चेहरा उजळतो आणि मग पातळ, लाल, केसाळ होतो. वाढीच्या वेगाने पाठीवर-मांड्यांवर पडणाऱ्या रेषा काळाबरोबर फिक्या होतात.

मानेचा काळा पट्टा मात्र वेगळा. आया दगडाने, बेसनाने मान घासतात, पोराला "नीट अंघोळ करत नाही" म्हणून ओरडतात. मान आणि काखा जाड, मखमली, काळ्या होणं हा मळ नसतो. वजन वाढल्यावर शरीर इन्शुलिनला दाद देईनासं होतं, त्याची ती खूण आहे, पुढच्या मधुमेहाची आगाऊ सूचना. घासणं थांबवा, साखर तपासा, आणि घरातल्या सगळ्यांचंच जेवण आणि चालणं बदला. एकट्या मुलाला डाएटवर बसवू नका. उलट टोकही असतं: डबा परत आणणारी, जेवण टाळणारी, आणि सुरू झालेली पाळी तीन महिने बंद पडलेली मुलगी. तिला उपदेशाची नव्हे, तपासणीची गरज असते.

दोन आठवड्यांहून जास्त काळ मूल खोलीतच आहे, झोप-भूक गेली आहे, जगण्यात राम नाही अशी भाषा आहे, तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. कोणी नकोसा स्पर्श करत असेल तर मुलांसाठीचा क्रमांक १०९८.

सरकारी व्यवस्थेत १० ते १९ वयाच्या मुलांसाठी राज्यात 'मैत्री' क्लिनिक आहेत. समुपदेशन आणि तपासणी मोफत असते. जवळच्या महापालिका दवाखान्यात किंवा ससूनमध्ये त्याची चौकशी करा. कुठेही गेलात तरी उंचीची वही, शेवटच्या पाळीची तारीख, आणि घरात चालू असलेली प्रत्येक पावडर-गोळी-ट्यूब बरोबर न्या. तपासताना मुलीसोबत आई किंवा एक स्त्री असू द्या, आणि काय तपासणार ते आधी मुलाला सांगायला डॉक्टरांना विनंती करा. मग आपण उठून दहा मिनिटं बाहेर बसा. जो प्रश्न मुलाला खरा विचारायचा असतो, तो बहुतेक वेळा तुम्ही बाहेर गेल्यावरच निघतो. घरी येताना "काय विचारलंस?" असं विचारू नका.